पाळणाघराची तपासणी पहाटे पाच वाजता व्हावी



गळीत हंगाम जवळ आला की आपल्या तोंडी तीनच विषय असतात. भाव काय निघणार, आपला फड केव्हा तुटणार आणि यंदा टोळ्या पुरेशा येणार की मुकादम उचल घेऊन गायब होणार. त्यात गैर काही नाही. ज्याचा ऊस रानात उभा आहे त्याला दुसरे सुचणार तरी काय? परंतु कारखान्याचा वार्षिक अहवाल हाती आला म्हणजे ताळेबंदाच्या पलीकडे, शेवटच्या दोन-तीन पानांत, एक वाक्य हमखास सापडते. ऊसतोड मजुरांच्या लहान मुलांसाठी पाळणाघराची सोय केली आहे आणि संबंधित अधिकाऱ्यांनी तपासणी करून समाधान व्यक्त केले आहे, अशा अर्थाचे. आपण ते वाचतो, बरे झाले म्हणतो आणि पान उलटतो. मला त्या वाक्यावर जरा थांबायचे आहे. तपासणी कोणी केली, किती वाजता केली आणि समाधान नेमके कशाचे झाले?

प्रश्न खोचक वाटेल. पण हाच प्रश्न आपण वजनकाट्याच्या बाबतीत दरसाल विचारतो. काटा तपासायला भरारी पथक न कळवता यावे, भरलेली गाडी काट्यावरून परत फिरवून तिचे फेरवजन करावे, अशी आपली मागणी असते. चार दिवस आधी पत्र पाठवून आलेल्या पथकाने 'काटा बरोबर आहे' असा शेरा दिला, तर आपल्यातला एक तरी शेतकरी त्यावर विश्वास ठेवील काय? क्विंटलाच्या बाबतीत आपण इतके सावध. मग पोरांच्या बाबतीत कळवून केलेली तपासणी आपल्याला कशी चालते?

आधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. १९४८ च्या कारखाना कायद्याचे ४८ वे कलम पाळणाघराचे होते. सुरुवातीला पन्नासांहून अधिक स्त्री कामगार असतील तिथे, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसांहून अधिक असतील तिथे, सहा वर्षांखालच्या मुलांसाठी उजेडाची, हवेशीर, स्वच्छ खोली असावी आणि मुले सांभाळण्याचे शिक्षण घेतलेली बाई तिथे असावी, असे त्यात होते. कायदा चांगला. पण साखर कारखान्यात त्याचा पाय एका जागी अडकायचा. मिलवर, बॉयलरवर, गव्हाणीवर बायका किती? जवळजवळ नाहीतच. ऑफिसात असतील त्या थोड्या. आणि ज्या शेकडो बायका आपला ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, डोक्यावर वाहून गाडी भरतात, त्या कारखान्याच्या हजेरीपटावर नाहीत. त्या मुकादमाच्या. मुकादम वाहतूकदाराचा. वाहतूकदाराचा करार तोडणी-वाहतूक संस्थेशी. निरीक्षक आला तरी तो कुंपणाच्या आतले पाहायचा, आणि पोरे कुंपणाबाहेर कोप्यांच्या तळावर.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चार कामगार संहिता देशात लागू झाल्या आणि जुना कारखाना कायदा त्यांत विलीन झाला. आता पाळणाघरासाठी फक्त बायका मोजायच्या नाहीत, सगळे कामगार मोजायचे आहेत आणि आकडा पन्नासाचा आहे. म्हणजे बापालाही लेकरू असते हे कायद्याने मान्य केले. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभाही सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. ऑफिसात किंवा गिरणीत काम करणाऱ्या बाईला याचा उपयोग आहे. आपल्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईला काय उपयोग? तळ कारखान्यावर आणि फड सात-आठ किलोमीटरवर. एकदा जायचे तरी अर्धी खेप बुडाली. म्हणून सांगतो, कायद्याचे पुस्तक उघडून आपले काम होणार नाही. कायद्याला जे दिसत नाही ते आपल्याला दिसते, कारण ते आपल्याच बांधावर निजलेले असते.

या नव्या संहितेत निरीक्षकाचे नावही बदलले. तो आता निरीक्षकही आहे आणि मार्गदर्शकही. चूक दाखवायची आणि ती कशी दुरुस्त करायची तेही सांगायचे. तपासणीसाठी आस्थापना संगणकाच्या सोडतीने निवडण्याचीही तरतूद आहे. काही जाणकार म्हणतात की यामुळे धाक गेला. मला तसे पूर्णपणे वाटत नाही. आपल्याकडचा धाक बहुतेक चहा-नाश्त्यापुरताच होता. मार्गदर्शन करणारा माणूस वाईट नाही, पण त्याने बघायचे तेव्हा बघितले पाहिजे.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. ऊसतोड मजुराचा दिवस केव्हा सुरू होतो हे या पत्रिकेच्या वाचकांना सांगायला नको. पहाटे तीनला कोपीपुढे चूल पेटते. चार-साडेचारला टोळी फडाकडे निघते. कडाक्याची थंडी, दव पडलेले, अंधार. पाळणाघर मात्र उघडते दहाला आणि बंद होते पाचला, कारण तिथली बाई गावातून येते आणि तिला तिच्या घरचे उरकायचे असते. सरकारची पाळणा योजना घेतली तरी तिचे तास दिवसाला साडेसात आणि महिन्याचे दिवस सव्वीस. नोकरदार आईबापांच्या हिशेबाने ते ठीक आहे. तोडीला सुट्टीचा वार नसतो. पहाटे चार ते सकाळी दहा हे सहा तास पोरांचे वाली कोण? दोनच मार्ग उरतात. एक, पोराला पोत्यात गुंडाळून गाडीवर घालून फडात न्यायचे. दुसरा, आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर देऊन कोपीत ठेवायचे.

एका कारखान्याच्या तळावर (नाव सांगण्याचे कारण नाही, तो अपवाद नव्हे) पाथर्डीकडची एक बाई मला म्हणाली होती, "सायेब, पाळणाघर लई चांगलं हाय. रंग दिलाय, चित्रं काढलीत. पर ते उघडतंय तवा आमी फडात, अन् आमी येतो तवा त्याला कुलूप." तपासणीला येणारे अधिकारी अकरा वाजता येतात. अकरा वाजता तिथे पंधरा-वीस पोरे बसलेली असतात, बाई गाणे म्हणून घेत असते, खिचडी शिजत असते. खोटे काहीच नसते. फक्त ज्या वेळी पोरांना धोका असतो ती वेळ नसते. रात्री काट्यावर गाड्यांची रांग लागली म्हणजे नवरा-बायको दोघे रांगेत, आणि लेकरू गाडीखाली निजलेले, हेही आपण पाहतो. त्या वेळी तपासनीस कुठे असतो? म्हणून या लेखाचे नाव मी मुद्दाम ठेवले आहे. तपासणी एकदा पहाटे पाचला करा, एकदा रात्री दहाला करा आणि मग समाधान व्यक्त करा.

कळवून केलेल्या तपासणीचे नाटक कसे असते ते आपल्या सर्वांना ठाऊक आहे. आदल्या दिवशी चुना मारतात. सतरंज्या धुवायला जातात. जवळच्या अंगणवाडीतून वजनकाटा उसना येतो. औषधाच्या पेटीत नवी पट्टी आणि जंतुनाशकाची बाटली येते, तिचे झाकण पुढच्या तपासणीपर्यंत उघडत नाही. एवढ्यावरही पोरे कमी पडली तर कॉलनीतली आणून बसवतात. यात कोणा एकाला दोष देऊन उपयोग नाही. शेतकी खात्याच्या माणसाला वर शेरा चांगला पाठवायचा असतो आणि येणाऱ्याला पुढच्या कारखान्यावर जायचे असते. दोघांची सोय होते. ज्यांची व्हायची ती पोरे मध्येच राहतात.

कोणी म्हणेल, अहो, कागद नीट असला म्हणजे बऱ्याच अंशी काम नीट असते. त्यांच्यासाठी दूरच्या एका देशातले उदाहरण देतो, कारण कागद आणि प्रत्यक्ष यांतले अंतर तिथे फार भयंकर रीतीने उघडे पडले. मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतात एर्मोसियो नावाचे शहर आहे. तिथे कामकरी आयांच्या मुलांसाठी एक पाळणाघर होते. ते सामाजिक विमा संस्थेचे म्हणून ओळखले जायचे, पण संस्थेने चालवायला दिले होते खाजगी माणसांना, आपल्या भाषेत ठेक्यावर. इमारत मूळची गोदामाची. शेजारच्या गोदामात प्रांत सरकारचे जुने कागदपत्र आणि जुन्या मोटारी ठेवलेल्या. ५ जून २००९ रोजी, दुपारी मुले निजलेली असताना, त्या गोदामाला आग लागली आणि ती पाळणाघराच्या छताकडे आली. छताखाली लावलेले आच्छादन वितळून खाली पडू लागले. बाहेर पडायच्या वाटा धड नव्हत्या. एकाने आपली मालगाडी भिंतीवर घालून भगदाडे पाडली तेव्हा काही मुले निघाली. ४९ मुले गेली. आणि हे पाळणाघर २६ मे रोजी, म्हणजे अवघ्या दहा दिवसांपूर्वी, सुरक्षा तपासणीत पास झालेले होते.

दहा दिवसांपूर्वी पास! तपासणी करणाऱ्याने शेजारच्या गोदामात काय आहे ते पाहिले होते काय? संकटाचा दरवाजा हाताने ढकलून पाहिला होता काय? की वहीत तसा रकाना होता म्हणून खूण केली? नंतर व्हायचे तेच झाले. विमा संस्था, प्रांत सरकार, नगरपालिका आणि ठेकेदार, प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे. आयाबाप रस्त्यावर उतरले, वर्षानुवर्षे झगडले, आणि २०११ साली त्या देशात पाळणाघरांसाठी स्वतंत्र कायदा झाला. ठेक्याची साखळी जितकी लांब तितकी जबाबदारी पातळ होत जाते. आपली साखळी किती लांब आहे ते वर लिहिलेच आहे.

दूरचे नको असेल तर आपल्या देशातले घ्या. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणम येथे एका शाळेच्या स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुले गेली. चूल आणि गवती छप्पर शेजारी शेजारी होते, एवढेच मूळ कारण. आता आपल्या तळावरची कोपी डोळ्यांपुढे आणा. बांबूच्या कमानी, त्यावर पाचट किंवा चटई, पावसाच्या भीतीने प्लॅस्टिकचा कागद, आत कपडे, धान्य, आणि तोंडाशी चूल. एका कोपीला लागून दुसरी, तिला लागून तिसरी. कारखान्याच्या बगॅसच्या ढिगाभोवती आपण पाण्याचे नळ, फवारे ठेवतो, विमा उतरवतो, विडी ओढू देत नाही. बगॅस जळाली तर नुकसान होते म्हणून. कोप्यांच्या रांगेत वाळूच्या चार बादल्याही नसतात. कोप्या जळाल्याच्या बातम्या हंगामात कुठून ना कुठून येतातच, आणि आपण हळहळून पुढचे पान वाचतो.

तपासणीला जाणाऱ्याने काय पाहावे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पहिल्यांदा पाळणाघराच्या बाहेर पाहावे. आत बसलेली पोरे मोजण्याआधी बाहेर कडेवर भाऊ घेऊन फिरणाऱ्या मुली मोजाव्यात. आत वीस आणि बाहेर पस्तीस असतील, तर त्या पाळणाघराला पास म्हणायला मी तयार नाही, मग भिंतीवर कितीही सुंदर चित्रे असोत. बाहेर फिरणारी प्रत्येक मुलगी म्हणजे एक बुडालेली शाळा आहे. आपण पाळणाघर नीट चालवले, पहाटे उघडले, तर ती मुलगी आपोआप मोकळी होते. साखरशाळेची पटसंख्या वाढवण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

दुसरे पाणी. टाकी भरलेली आहे एवढे पाहून भागत नाही. गावात ग्रामपंचायतीचा शिपाई टी.सी.एल. पावडर टाकतो आणि आरोग्य सेवक ओ.टी. टेस्ट घेतो. पाण्यात दोन थेंब टाकले, पिवळे झाले तर क्लोरीन आहे, नाही झाले तर नाही. एका मिनिटाचे काम. ही चाचणी तळावरच्या टाकीची कोण घेतो? माझ्या पाहण्यात बहुधा कोणीच नाही. कारण तळ धड गावाच्या हद्दीत मोजला जात नाही आणि धड कारखान्याच्या वसाहतीत मोजला जात नाही. लहान पोराला हगवण लागली की दिवसभरात ते सुकून जाते. जलसंजीवनीची पुडी आणि जस्ताच्या गोळ्या पाळणाघरात नसतील, तर बाकीची औषधपेटी शोभेची समजावी. आणि पुडी आहे तर ती कशी कालवायची हे मावशीला येते का, तेही तिलाच कालवून दाखवायला सांगावे.

तिसरे लसीचे कार्ड. गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यात आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. बीड-जालना-परभणीकडून टोळ्या निघतात दसऱ्या-दिवाळीत आणि परततात मार्च-एप्रिलात. या मधल्या महिन्यांत ज्याचा नववा महिना भरला त्याची लस गावाकडच्या वहीत 'बाहेरगावी' म्हणून राहते आणि इथल्या वहीत त्याचे नावच नसते. आता अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकरमध्ये लाभार्थ्याचे नाव एका अंगणवाडीतून दुसरीकडे हलवता येते. सोय झाली आहे, पण कुणीतरी बसून नावे घालायला हवीत. आपल्या गट ऑफिसात ऊस नोंदीचा संगणक आहे. गाळप सुरू होण्याच्या आठवड्यात आपला एक कारकून आणि अंगणवाडीच्या ताई दोन दिवस एकत्र बसले, तर हे काम उरकेल.

बाकीच्या गोष्टी ज्याच्या त्याला दिसतातच. पाळणाघराजवळ ट्रॅक्टर वळतात काय, उघडा हौद आहे काय, मळीच्या टाकीकडे किंवा गरम पाण्याच्या चरीकडे जाणाऱ्या वाटेला फाटक आहे काय, रात्री दिवा असतो काय. त्याचे पुराण मी लावत नाही.

पण एक जागा अशी आहे की जिथे कोणताही अधिकारी येणार नाही, आणि ती म्हणजे तुमचा-माझा फड. पाळणाघर कितीही सुधारले तरी अंगावर पिणारे पोर आईबरोबर फडात येणारच. त्याची झोळी बांधावरच्या बाभळीला बांधतात. झाड नसेल तर गाडीच्या जूला. तेही नसेल तर पाचटावर फडके टाकून निजवतात. पाचटात काय काय असते ते आपल्याला माहीत आहे. भरलेली ट्रॉली मागे घेताना ड्रायव्हरला मागचे दिसत नाही, आणि कानाशी टेपरेकॉर्डर म्हणा, मोबाईल म्हणा, मोठ्याने वाजत असतो. आपली विहीर बिनकठड्याची. स्टार्टरच्या पेटीचे दार वर्षानुवर्षे लोंबकळते. अलीकडे शेततळी झाली. त्यांचे प्लॅस्टिक इतके गुळगुळीत की आत गेलेले मोठे माणूसही वर येत नाही, मग पोराची काय कथा. तळ्याला तारेचे कुंपण आणि आत गाठी मारलेला एक जाड दोर, टोकाला ट्यूब, एवढे तरी आपण करू शकतो. तणनाशकाचे रिकामे डबे बांधावर टाकू नयेत. मजूर बाई ते विसळून पाण्याला घेते, ते काय होते हे तिला कोण सांगणार?

पूर्वी डहाणूकडे बोर्डी आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी चालवली, तेव्हा पोरे शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दाचे मूळ तिथे आहे. दिल्लीला १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजुरांच्या पोरांसाठी कामाच्या जागेवरच तंबू ठोकून पाळणाघर काढले, आणि पुढे त्यातून मोबाईल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. दोन्हीकडे पाळणाघर पोरामागे गेले. आपल्याकडे एक जुनी ट्रॉली, वर छत, दोन झोळ्या, पाण्याचा पिंप आणि टोळीतलीच एक पोक्त बाई पगारावर, एवढ्यात फडावरचे पाळणाघर होते. टोळीतली एक बाई तोडीतून काढली तर कोयता अर्धा पडतो हे मला कळते. तिची मजुरी कारखान्याने द्यावी.

आता आक्षेप. पहिला आक्षेप मी सर्वसाधारण सभेत प्रत्यक्ष ऐकलेला आहे. ती पोरे मुकादमाची जबाबदारी, आपण उचल दिली, आपले काम संपले. ऊस तुटून जाईपर्यंत टोळी 'आपली' असते, चिटबॉयला आपण 'माझी टोळी' म्हणून दटावतो आणि पोर आजारी पडले की ते मुकादमाचे! हा हिशेब मला जमत नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. आपण गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे १० रुपये देतो, तितकेच शासनाने घालायचे असे ठरले आहे. मग पुन्हा आपण का द्यायचे? प्रश्न बरोबर आहे आणि माझे उत्तरही त्यातच आहे. पाच लाख टन गाळप धरले तर कारखान्याच्या वाट्याचे ५० लाख रुपये होतात. ते पैसे जातात तिथून आपल्या तळावर काय परत येते हे विचारायचा अधिकार आपल्याला आहे, पण विचारायचे तर तळावर काय कमी आहे याचा खरा कागद हातात हवा. समाधान व्यक्त केल्याचा शेरा जोडून कुणी अनुदान मागायला गेला तर त्याला सांगतील, तुमच्याकडे तर सगळे ठीक आहे! खोट्या शेऱ्याचा तोटा असा आपल्यालाच होतो.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो. आता हार्वेस्टर यंत्रे येत आहेत, टोळ्या कमीच होणार, मग हा खटाटोप कशाला? यंत्रे येतील तिथे येवोत. छोट्या वाफ्यात, ओढ्याकाठच्या वाकड्या-तिकड्या रानात, पावसाने चिखल झालेल्या फडात कोयताच लागतो. आणि आज दीड वर्षाचे जे पोर आहे ते यंत्र येईपर्यंत दीड वर्षाचे राहणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी. तपासणीचे काम शेतकी खात्याकडून काढून सभासदांच्या एका छोट्या समितीकडे द्यावे. आपल्या संचालक मंडळात दोन महिला संचालक आहेत. त्यांना आपण सत्काराच्या वेळी पुढच्या रांगेत बसवतो आणि कामाच्या वेळी विसरतो. समितीचे प्रमुखपण त्यांच्यापैकी एकीकडे असावे. तिच्याबरोबर जवळच्या उपकेंद्राची नर्सबाई, एक महिला सभासद आणि टोळीतली एक बाई. टोळीतली बाई हवीच, कारण कोणत्या हापशाला पाणी येत नाही आणि कोणता कुत्रा चावतो ते तिलाच माहीत असते. हंगामात किमान चार तपासण्या व्हाव्यात. त्यांतली एक पहाटे, एक रात्री आणि एक चालू फडावर. एकाही तपासणीची तारीख समितीबाहेर कुणाला कळू नये, चेअरमनसाहेबांनाही नाही. साहेब रागावणार नाहीत याची मला खात्री आहे.

पहिल्या वेळी दोष सापडला तर दुरुस्तीला आठ दिवस द्यावेत. त्या बाबतीत नव्या संहितेचा मार्गदर्शनाचा मार्ग मला मान्य आहे. दुसऱ्या वेळी तोच दोष तसाच आढळला तर तो ज्या खातेप्रमुखाच्या कक्षेत येतो त्याच्या हुद्द्यासह याच पत्रिकेत छापावा. पंधरवड्याचे गाळप आणि उतारा आपण छापतो, त्याच पानावर चार ओळी बसतील. अहवाल साध्या मराठीत असावा, गट ऑफिसच्या फळ्यावर लावावा आणि तळावर एकदा मोठ्याने वाचून दाखवावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याच पोरांविषयी तो आहे.

गेल्या सभेत वेळेअभावी आयत्या वेळचे विषय गुंडाळले गेले. यंदा तसे होऊ नये म्हणून वरील सूचनेचा लेखी ठराव मी मुदतीत कार्यालयात देत आहे. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा कोरी ठेवली आहे. ती एखाद्या महिला सभासदाने भरली तर बरे होईल. ठरावाची प्रत गट ऑफिसात पाहायला मिळेल. सभा सप्टेंबरअखेर, आणि टोळ्या त्यानंतर महिनाभरात तळावर उतरतील. समितीची पहिली पहाटफेरी मोळी टाकण्याच्या आदल्या दिवशी करता येईल, कारण त्या दिवशी सगळ्या कोप्या नुकत्याच उभ्या राहिलेल्या असतात आणि दोन रांगांत अंतर सोडायला अजून जागा असते.

— एक ऊस उत्पादक सभासद